उडत्या तबकड्यांच्या चित्रफिती आणि पुराव्याचा प्रश्न

इंफाळच्या विमानतळाजवळ १९ नोव्हेंबर २०२३ रोजी दुपारी आकाशात एक पांढरट वस्तू दिसली आणि सुमारे तीन तास विमानांची ये-जा विस्कळीत झाली. येणारी विमाने अन्यत्र वळवण्यात आली, उड्डाणे खोळंबली. वायुदलाच्या पूर्व विभागाने विमानतळावरून मिळालेल्या माहितीच्या आधारे हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली आणि राफेल विमाने शोधासाठी पाठवण्यात आल्याचे वृत्तही आले. मणिपूर मे २०२३ पासून हिंसाचाराने होरपळत होते. त्यामुळे ती वस्तू ड्रोन आहे, फुगा आहे की आणखी काही, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हता. मात्र मोबाइलवर टिपलेल्या काही सेकंदांच्या चित्रफिती देशभर पोहोचताच चर्चा नेहमीच्या वळणावर गेली. एका पक्षाला परग्रहावरील पाहुणे आल्याची खात्री वाटली, तर दुसऱ्या पक्षाला तो भरकटलेला फुगा असल्याबद्दल तितकीच खात्री वाटली. पांढऱ्या ठिपक्याकडे पाहून दोन्ही निष्कर्ष सारख्याच वेगाने निघाले होते.

आकाशातील अनोळखी वस्तूंच्या छायाचित्रांबाबत गेली पंच्याहत्तर वर्षे हेच घडत आले आहे. अमेरिकी वैमानिक केनेथ अर्नोल्ड यांनी २४ जून १९४७ रोजी माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू पाहिल्याचे सांगितले. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गती होती, असे त्यांचे वर्णन होते. वृत्तपत्रांनी गतीचे हे वर्णन आकाराला चिकटवले आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. त्यानंतर छायाचित्रांत तबकड्याच दिसू लागल्या, ही बाब बरेच काही सांगून जाते.

अलीकडच्या काळात या विषयाला प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकी नौदलाच्या तीन चित्रफितींमुळे. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका गुप्त कार्यक्रमाची माहिती प्रसिद्ध केली आणि त्यासोबत विमानांतील अवरक्त कॅमेऱ्यांनी टिपलेली दृश्ये जगासमोर आली. तिसरी चित्रफीत मार्च २०१८ मध्ये बाहेर पडली. २७ एप्रिल २०२० रोजी संरक्षण खात्याने या तिन्ही चित्रफिती अधिकृतपणे प्रसिद्ध केल्या. चित्रफिती खऱ्या आहेत, असे खात्याने मान्य केले आणि 'खऱ्या' या एका शब्दाने मोठा घोटाळा केला. चित्रफीत खरी आहे याचा अर्थ ती नौदलाच्या कॅमेऱ्याने टिपलेली आहे, कोणी संगणकावर बनवलेली नाही, इतकाच होता. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी मात्र तीत दिसणारी वस्तूही तितकीच विलक्षण असल्याची ती कबुली मानली. चित्राचा अस्सलपणा आणि चित्राचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या विषयातील निम्मे वाद ही गल्लत टाळली तर उरणार नाहीत.

या तीन चित्रफितींपैकी 'गो फास्ट' या नावाने ओळखली जाणारी चित्रफीत बारकाईने पाहण्याजोगी आहे, कारण तिच्याबाबत केवळ मत देऊन थांबावे लागत नाही. हिशेब करता येतो. जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबाहेर लढाऊ विमानातून ती टिपली गेली. एक लहानसा ठिपका समुद्राच्या पृष्ठभागालगत प्रचंड वेगाने धावत असल्यासारखा दिसतो आणि वैमानिकांचे आश्चर्योद्गार ऐकू येतात. पाहणाऱ्याचा श्वास रोखला जावा असेच ते दृश्य आहे. पण पडद्याच्या कडेला काही आकडेही आहेत. विमानाची उंची २५ हजार फूट. कॅमेऱ्याचा रोख क्षितिजाच्या खाली सुमारे २६ अंशांपासून ३५ अंशांपर्यंत. वस्तूचे अंतर सुमारे साडेचार सागरी मैलांपासून साडेतीन सागरी मैलांपर्यंत. शाळेतील त्रिकोणमिती येथे पुरेशी आहे. साडेतीन सागरी मैल म्हणजे साधारण २१ हजार फूट, आणि इतक्या अंतरावर ३५ अंश खाली पाहिले तर वस्तू विमानापेक्षा सुमारे १२ हजार फूट खाली ठरते. म्हणजेच ती समुद्रालगत नसून तेरा हजार फुटांच्या आसपास, विमान आणि समुद्र यांच्या जवळजवळ मध्यावर होती.

मग तो वेग कुठून आला? आगगाडीच्या खिडकीतून पाहताना रुळांजवळचे झाड दूरच्या डोंगरासमोरून झपाट्याने सरकताना दिसते. झाड स्थिर असते, धावते ती गाडी. येथेही वेगवान विमानातील कॅमेरा मधल्या उंचीवरील वस्तूवर रोखलेला होता आणि खालचा समुद्र पार्श्वभूमी म्हणून मागे पळत होता. वस्तू समुद्रालगत आहे असे गृहीत धरले की तो सगळा वेग तिच्या नावावर जमा होतो. नासाने नेमलेल्या सोळा सदस्यांच्या स्वतंत्र अभ्यासगटाने १४ सप्टेंबर २०२३ रोजी आपला अहवाल दिला. पडद्यावरील आकड्यांवरून या वस्तूचा वेग ताशी सुमारे ४० मैल, म्हणजे अवघा ६४ किलोमीटर येतो, असे त्यात दाखवून देण्यात आले. त्या उंचीवरील वारा एखाद्या वस्तूला इतक्या वेगाने सहज वाहून नेऊ शकतो. अमेरिकी संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाचे प्रमुख जॉन कॉस्लॉस्की यांनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये सिनेटच्या समितीसमोर हाच निष्कर्ष मांडला. वस्तू नेमकी कोणती होती हे या हिशेबातून कळत नाही. ती विलक्षण वेगाने जात नव्हती एवढे मात्र कळते, आणि चित्रफितीचे नावच त्या वेगावरून पडलेले आहे.

उरलेल्या दोन चित्रफितींबाबत असे सरळ उत्तर हाती नाही. 'गिम्बल' या चित्रफितीतील वस्तू हवेत फिरताना दिसते. ते फिरणे वस्तूचे नसून दूरच्या उष्ण स्रोताच्या झळाळीचे आहे आणि कॅमेऱ्याची यंत्रणा वळताना ती झळाळी वळते, असे स्पष्टीकरण मिक वेस्ट या संशयवादी अभ्यासकाने तपशिलात मांडले आहे. नौदलातील काही माजी वैमानिकांना ते मान्य नाही. २००४ मधील निमित्झ युद्धनौकेच्या प्रसंगात पेच वेगळाच आहे. कमांडर डेव्हिड फ्रेव्हर यांनी पांढरी, लांबट, पंख नसलेली वस्तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले आणि त्यांची साक्ष सहजासहजी झटकून टाकण्यासारखी नाही. परंतु प्रसिद्ध झालेली चित्रफीत त्यांच्या विमानातून घेतलेलीच नाही. ती नंतर उड्डाण केलेल्या दुसऱ्या वैमानिकाने टिपली असून तीत एक अस्पष्ट ठिपका दिसतो, फ्रेव्हर यांनी वर्णिलेल्या कसरती दिसत नाहीत. ऐकणारा साक्षीतील थरार चित्रात पाहतो आणि चित्राची वस्तुनिष्ठता साक्षीला बहाल करतो. दोन अपुऱ्या पुराव्यांची बेरीज अशा रीतीने एका भक्कम पुराव्याइतकी भासू लागते.

चित्रफीत कोणी प्रसिद्ध केली यावरून तिचे मोल ठरवण्याची सवयही अशीच फसवी आहे. मे २००४ मध्ये मेक्सिकोच्या संरक्षण मंत्रालयाच्या संमतीने एक चित्रफीत जाहीर झाली. ५ मार्च २००४ रोजी कांपेचे राज्यावरून टेहळणी करणाऱ्या वायुदलाच्या विमानाने अवरक्त कॅमेऱ्यातून अकरा तेजस्वी ठिपके टिपले होते. ठिपके साध्या डोळ्यांना दिसत नव्हते, पण कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते विमानाला साथ देत चालल्यासारखे दिसत होते. एका देशाच्या लष्कराने स्वतः दिलेला पुरावा म्हणून तो जगभर गाजला. पुढे स्वतंत्र अभ्यासकांनी विमानाची जागा, उंची आणि कॅमेऱ्याची दिशा नकाशावर मांडली. ती रेषा कांपेचेच्या उपसागरातील कांतारेल तेलक्षेत्राकडे जात होती. तेथील विहिरींवर जळणाऱ्या वायूच्या ज्वाला क्षितिजाजवळ, ढगांच्या मागे-पुढे दिसत होत्या. खूप दूरची वस्तू आपल्यासोबत चालते असे वाटणे हा लहान मुलांनाही परिचयाचा अनुभव आहे. रात्रीच्या प्रवासात चंद्रही तसाच सोबत येतो. वैमानिक खोटे बोलत नव्हते आणि कॅमेराही बिघडलेला नव्हता. चुकला होता तो अंतराचा अंदाज.

बेल्जियमच्या प्रकरणात मात्र सरळ फसवणूक होती. १९८९-९० मध्ये त्या देशात त्रिकोणी आकाराच्या वस्तू दिसल्याच्या शेकडो तक्रारी आल्या आणि पेती-रेशें गावाच्या नावाने प्रसिद्ध झालेले एक छायाचित्र त्या लाटेचे प्रतीक बनले. काळ्या त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत तीन दिवे आणि मध्यभागी एक. अनेक तज्ज्ञांनी ते तपासले आणि त्यात बनावट असल्याची खूण आढळली नाही. जुलै २०११ मध्ये छायाचित्र काढणाऱ्यानेच दूरचित्रवाणीवर सांगितले की, तो थर्माकोलसारख्या फोमचा रंगवलेला, दिवे बसवलेला तुकडा होता. तज्ज्ञ निष्काळजी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. छायाचित्रात कोणतेही मिश्रण वा जोडकाम नव्हतेच. खऱ्या वस्तूचे ते खरे छायाचित्र होते. लबाडी झाली ती कॅमेऱ्यासमोर, आणि प्रयोगशाळेत फक्त कॅमेऱ्यातून बाहेर आलेली फीत गेली होती.

इतके वाचून संशयवाद्यांची बाजू बिनतोड वाटेल. इतिहास मात्र त्यांनाही इतक्या सहज सोडत नाही. आकाशातून दगड पडतात, असे खेडूत शतकानुशतके सांगत होते. फ्रान्समध्ये १७६८ साली पडलेल्या अशा एका दगडाची तपासणी लाव्हाझिएसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केली व तो वीज कोसळलेला पृथ्वीवरचाच दगड असल्याचा निर्वाळा दिला. २६ एप्रिल १८०३ रोजी लेग्ल या गावाच्या परिसरात हजारो दगडांचा वर्षाव झाला. ज्याँ-बातिस्त बियो यांनी प्रत्यक्ष जाऊन गावोगावच्या साक्षी घेतल्या, दगड गोळा केले, ते कोणत्या भागात विखुरले याचा नकाशा काढला, तेव्हा कुठे उल्कापाषाणांना विज्ञानाची मान्यता मिळाली.

दुसरे उदाहरण तर वैमानिकांचेच आहे. गडगडाटी ढगांच्या वर, वातावरणाच्या उंच थरांत लाल प्रकाशाचे झोत क्षणभर उमटतात, असे काही वैमानिक अनेक वर्षे सांगत असत. त्यांचे म्हणणे कोणी फारसे मनावर घेतले नाही आणि चेष्टा होईल या भीतीने पुष्कळांनी तोंड मिटून घेतले. जुलै १९८९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी मंद प्रकाशात चालणाऱ्या एका कॅमेऱ्याची चाचणी घेताना असा झोत योगायोगाने टिपला. आज त्यांना 'स्प्राइट' म्हणतात. एका चित्राने विज्ञानाचे मत बदलले, असे येथे म्हणता येईल काय? पूर्णतः नाही. त्या चित्रानंतर अंतराळयानांतून पूर्वी घेतलेल्या फिती पुन्हा तपासल्या गेल्या आणि त्यांतही तसेच झोत सापडले. ज्याला शंका होती त्याला वादळाच्या रात्री कॅमेरा रोखून ते स्वतः टिपता येत होते. पहिल्या चित्राने दार उघडले, पण आत प्रवेश मिळाला तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि शंभराव्या चित्रामुळे. उडत्या तबकड्यांच्या बाबतीत चित्रे हजारो आहेत. एकाच्या आधारे दुसरे ठरवून टिपता आले, असे मात्र घडलेले नाही.

भारतात या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती लडाखमध्ये. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात चीनलगतच्या सीमेवरील जवानांनी एका सरोवराच्या परिसरात आकाशात चमकणाऱ्या अनोळखी वस्तू पाहिल्याच्या ३२९ नोंदी केल्या. त्यांपैकी १५५ वेळा वस्तूने प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडल्याचे नोंदवले गेले. चिनी हेरगिरीची विमाने असावीत, हा संशय त्या परिस्थितीत स्वाभाविक होता. गोळी झाडली असती तर तिचे पडसाद कुठवर उमटले असते याची कल्पना करता येते, कारण एप्रिल २०१३ मध्ये देपसांगमध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकलीच होती. लष्कराने गोळी झाडली नाही. त्याने बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे विचारणा केली. वस्तू कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर दिसते याच्या नोंदी खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तपासल्या तेव्हा एक वस्तू गुरू आणि दुसरी शुक्र असल्याचे निष्पन्न झाले. विरळ हवेच्या त्या उंच प्रदेशात हे ग्रह सपाटीवर दिसतात त्याहून कितीतरी तेजस्वी दिसतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते क्षितिजाकडे सरकतात आणि डोंगररांगेपलीकडे जाताना सीमा ओलांडल्यासारखे भासतात.

या प्रसंगाची तेव्हा थट्टा बरीच झाली. ती अस्थानी होती. दोरीला साप समजण्याचा दृष्टान्त भारतीय दर्शनांनी हजारो वर्षे घासूनपुसून वापरला आहे, पण त्यातही दिवा आणण्यापूर्वी मागे सरकणाऱ्या माणसाला कोणी मूर्ख ठरवलेले नाही. जवानांनी वेळ आणि दिशा काटेकोरपणे लिहून ठेवली होती म्हणूनच शुक्र आणि गुरू ओळखता आले. जवानांजवळ थरारक चित्रफीत असती आणि नोंदवही नसती, तर तो वाद कदाचित आजही चालू राहिला असता.

याच्या उलट २ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ, गुढीपाडव्याची. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या आकाशातून जळते गोळे ओळीने सरकताना असंख्य लोकांनी पाहिले. उल्का, क्षेपणास्त्र, कोसळणारे विमान असे सगळे तर्क तासाभरात होऊन गेले. परंतु या वेळी एकच दृश्य शेकडो किलोमीटर अंतरावरील अनेक मोबाइलमध्ये वेगवेगळ्या कोनांतून टिपले गेले होते. मार्ग जुळवता आला. चीनच्या 'लाँग मार्च ३बी' या अग्निबाणाचा तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात परतत होता, हे हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितले आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे जमिनीवर पडलेले सापडले. कडे, चित्रफिती आणि कक्षेचा हिशेब एकमेकांना दुजोरा देत होते. बियो यांनी लेग्लमध्ये जे केले, त्याचीच ही आवृत्ती म्हणावी लागेल.

१५ डिसेंबर २०२२ रोजी पश्चिम बंगाल, ओडिशा आणि झारखंडच्या संध्याकाळच्या आकाशात दिसलेला तेजस्वी पट्टा 'अग्नी-५' क्षेपणास्त्राच्या चाचणीचा होता, हेही अधिकृत घोषणेनंतर उलगडले. त्याच महिन्यात तेलंगणमधील विकाराबाद जिल्ह्यात एक भलीमोठी विचित्र कुपी शेतात उतरल्याने गावकरी हादरले. हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून सोडलेल्या फुग्याला ती जोडलेली होती आणि एका स्पॅनिश कंपनीची ती चाचणी होती.

याच केंद्रातून सोडलेल्या फुग्यांनी एक वेगळा वस्तुपाठही घालून दिला आहे, आणि परग्रहावरील जीवसृष्टीच्या दाव्यांबाबत तो तबकड्यांपेक्षा अधिक बोलका आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगांत वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणण्यात आले. त्यांची तपासणी हैदराबादची पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र या दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली. नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या प्रजाती सापडल्याचे इस्रोने मार्च २००९ मध्ये जाहीर केले. सूक्ष्मजीव बाह्य अवकाशातून आले असावेत, अशी शक्यता नारळीकरांना मनापासून आकर्षक वाटत असे. तरीही जाहीर निवेदनात स्पष्ट म्हटले होते की, या शोधाने त्यांचे मूळ पृथ्वीबाहेर असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. येथे हातात ठिपका नव्हता, जिवंत नमुना होता, आणि तरीही दावा पुराव्याच्या एक पाऊल मागे ठेवला गेला.

चित्रांची संख्या आता भरमसाट वाढली आहे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कोणालाही हवे ते दृश्य काही मिनिटांत तयार करता येते. पूर्वी छायाचित्र स्पष्ट असणे ही जमेची बाजू होती. आज अतिस्पष्ट चित्राकडेच आधी संशयाने पाहिले जाते. त्यामुळे नासाच्या अभ्यासगटाने सुचवलेला मार्ग महत्त्वाचा ठरतो. एकाच वस्तूची नोंद वेगवेगळ्या प्रकारच्या, तपासून जुळवलेल्या उपकरणांनी एकाच वेळी व्हावी आणि सामान्य नागरिकांच्या मोबाइलमधील चित्रासोबत वेळ, जागा व दिशा यांचीही माहिती आपोआप गोळा व्हावी, अशी शिफारस त्या अहवालात आहे. निरीक्षकांची टिंगल थांबली पाहिजे, हेही त्यात तितक्याच ठामपणे म्हटले आहे, कारण टिंगलीच्या भीतीने दडपलेल्या नोंदीतून कोणताच निष्कर्ष निघत नाही.

शिल्लक राहणाऱ्या प्रकरणांचे काय, हा विश्वास ठेवणाऱ्यांचा ठेवणीतला प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. अमेरिकी वायुदलाच्या 'ब्लू बुक' प्रकल्पाने १९६९ पर्यंत गोळा केलेल्या १२ हजार ६१८ नोंदींपैकी ७०१ नोंदींचा उलगडा झाला नव्हता. अमेरिकी संरक्षण खात्याच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात ७५७ नव्या नोंदींपैकी २१ प्रकरणे अधिक तपासास पात्र ठरवली गेली. मात्र न उलगडलेल्या बहुतेक नोंदी माहिती तुटपुंजी असल्याने तशा राहतात. माहिती भरपूर आणि तरीही वस्तू अनाकलनीय, अशा मोजक्याच असतात. या दोन प्रकारांना एकाच आकड्यात मोजले की तो आकडा दोन्ही पक्षांना हवे ते सांगू लागतो.

इंफाळचे प्रकरण यांपैकी पहिल्या प्रकारातले. उपलब्ध चित्रफितींत अंतर कळत नाही, त्यामुळे आकार कळत नाही आणि म्हणून वेगही कळत नाही. वायुदलाने त्या दिवशी दिलेल्या निवेदनात ती वस्तू लहान असल्याचे आणि त्यानंतर पुन्हा दिसली नसल्याचे म्हटले होते. संध्याकाळी विमानतळ पुन्हा सुरू झाला.